काखेत केबल, गावाला वळसा

हिंजवडीतल्या कुठल्याही एम्बेडेड लॅबमध्ये सकाळी साडेदहाला डोकावलं, तर एक देखावा हमखास दिसतो. टेबलावर पत्त्यांच्या कॅटाएवढा हिरवा बोर्ड. बोर्डावर लाल दिवा. शेजारी साय धरलेला चहा, आणि समोर त्या दिव्याकडे एकटक बघणारा इंजिनिअर. लाल दिव्याच्या बाजूला आणखी एक पिवळा एलईडी आहे, तो दर सेकंदाला लुकलुकला पाहिजे, एवढंच त्याचं मागणं. बाकीचे सॉफ्टवेअरवाले पडद्यावर ‘हॅलो वर्ल्ड’ उमटवून कामाचा श्रीगणेशा करतात. एम्बेडेडवाल्याच्या नशिबी पडदाच नसतो. वॉशिंग मशीन, विजेचा मीटर, स्कूटरचा स्पीडोमीटर असल्या वस्तूंच्या पोटात बसणारं सॉफ्टवेअर तो लिहितो, त्यामुळे त्याचा श्रीगणेशा म्हणजे दिवेलागण.

पिवळा दिवा लागत नाही.

मग संशयितांची यादी निघते, आणि ती नेहमी वरून खाली येते. पहिला संशय कम्पायलरवर. जीसीसी हा कम्पायलर १९८७ सालापासून जगभर घासूनपुसून वापरला गेलाय, पण त्यातली आजवर कुणाला न सापडलेली चूक याला पहिल्याच दिवशी, एलईडी लावताना सापडली, असं त्याला मनापासून वाटत असतं. मग चिपवर संशय: ‘हा लॉटच खराब दिसतोय.’ मग हार्डवेअरच्या टीमवर. तो संशय खरं तर कायमचाच असतो, आज फक्त त्याला निमित्त मिळतं. मग रात्री आपोआप बसलेल्या विंडोजच्या अपडेटवर. दुपारपर्यंत ड्रायव्हर तीनदा काढून तीनदा घातला जातो. संध्याकाळी सहाला, बॅग खांद्याला लावून निघालेली शेजारच्या टेबलावरची मुलगी सहज विचारते, “केबल कुठली लावलीयेस रे?”

केबल चार्जिंगची असते.

साध्या यूएसबी केबलीत चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. स्वस्तातल्या, नुसत्या चार्जिंगसाठी केलेल्या केबलीत माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. वीज मिळते म्हणून बोर्डावरचा लाल दिवा टेचात पेटतो, आणि तो पेटला म्हणूनच केबलीवर कुणी संशय घेत नाही. कॉम्प्युटर आणि बोर्ड एका चुलीवरचं जेवतात, पण बोलणं बंद. आणि हा घरातला अबोला मिटवायला आपला इंजिनिअर दिवसभर परगावच्या पंचांना तारा करत बसलेला असतो.

या धंद्यात हे रोजचंच. संशय मानकऱ्यांपासून सुरू होतो आणि गुन्हेगार पायरीवर बसलेला असतो.

बोर्डापर्यंत पोचण्याआधी ‘बिल्ड’ नावाची खिंड लढवावी लागते. लिहिलेल्या कोडच्या शंभर फायली तपासून, त्यांचं यंत्रभाषेत रूपांतर करून, सगळ्या एकत्र बांधून चिपमध्ये भरण्याजोगी एक फाइल करायची, याला बिल्ड म्हणतात. हे काम हाताने करणं अशक्य, म्हणून १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन लिहिलं. त्यात त्यांनी एक नियम घातला: आज्ञेची ओळ टॅबने सुरू झाली पाहिजे. टॅब म्हणजे टॅबच, आठ वेळा स्पेस दाबलेली चालणार नाही. हा नियम अडचणीचा आहे, हे त्यांच्याही लवकरच लक्षात आलं. पण तोवर डझनभर लोक ‘मेक’ वापरायला लागले होते, त्यातले बरेच मित्रच. त्यांच्या चालत्या फायली मोडायच्या कशाला, म्हणून नियम तसाच राहिला.

त्या डझनभर मित्रांची सोय झाली. त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांनी त्याची किंमत मोजली. कारण पडद्यावर टॅब आणि आठ स्पेस अगदी सारख्या दिसतात. कुणीतरी मेलमधून चार ओळी उचलून फायलीत चिकटवतो, वाटेत टॅबच्या स्पेस होतात, आणि ‘मेक’ दोन शब्दांत निकाल देतं: ‘मिसिंग सेपरेटर.’ पुढे हुकूम: ‘स्टॉप.’ कुठला सेपरेटर, तो कुठे गेला, कसा आणायचा, याबद्दल बहुधा अवाक्षर नाही. पुण्यातल्या जुन्या दुकानदाराने ‘ते नाही’ म्हणून पुन्हा पेपरात डोकं घालावं, तसं. फेल्डमन यांना २००३ साली याच ‘मेक’साठी एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा मानाचा पुरस्कार मिळाला, आणि तो रास्तच होता.

कम्पायलर मात्र अबोल नाही. त्याचा दोष नेमका उलटा. एका हेडर फायलीत शेवटचा अर्धविराम राहिला, की तो तीनशे चुका काढतो, कारण ती फाइल ज्या ज्या फायलीत ओढली गेलीय, तिथे तिथे त्याला ठेच लागते. नवखा इंजिनिअर पडद्यावर शेवटी दिसणारी चूक वाचतो आणि ती दुरुस्त करायला बसतो. जुना माणूस काही न बोलता सरसर वर जातो आणि पहिली चूक बघतो. पंगतीतली तीनशे माणसं आमटी अळणी म्हणून ओरडत असली, तर तीनशे वाट्यांत मीठ घालत फिरायचं नसतं, पातेल्यात घालायचं असतं. पण हे कळायला साधारण दोन वर्षांची नोकरी लागते.

त्यापुढे लिंकर बसलेला असतो, सगळ्यांत शेवटच्या खिडकीतला कारकून. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ हे त्याचं आवडतं वाक्य. म्हणजे लग्नपत्रिकेत नाव छापलंय, पण मांडवात माणूस नाही. फंक्शन आहे अशी घोषणा हेडरमध्ये केली, कम्पायलरने ती विश्वासाने मान्य केली, आणि ते फंक्शन जिथे लिहिलंय ती फाइल बिल्डमध्ये घालायची राहून गेली. त्याचा दुसरा निरोप जास्त बोचतो: फ्लॅश मेमरीत बारा बाइट मावत नाहीत.

बारा बाइट म्हणजे किती, याचा अंदाज मोबाइलवाल्या पिढीला येणार नाही. शाळकरी प्रकल्पांत घरोघर दिसणाऱ्या आर्डुइनो उनो बोर्डावरच्या चिपमध्ये प्रोग्रामसाठी फ्लॅश ३२ किलोबाइट आणि कामाला रॅम २ किलोबाइट. देवनागरीतलं एकेक चिन्ह साठवायला आजच्या रूढ पद्धतीत ३ बाइट लागतात. म्हणजे हा लेख त्या रॅममध्ये भरायला घेतला असता, तर चार्जिंगच्या केबलीचा उलगडा व्हायच्या आतच जागा संपली असती. अशा खोलीत बिऱ्हाड करायचं, आणि ऐन वेळी कुणीतरी साहेब म्हणतात, “तापमान दशांशात दाखवू या की.” दशांश छापायचा म्हणजे छपाईच्या फंक्शनची थोरली आवृत्ती आत घ्यायची. तिच्याबरोबर तिचं माहेरही येतं, आणि बघता बघता काही किलोबाइट जातात. मग काटकसर सुरू होते. ‘तापमानाचा सेन्सर सापडत नाही’ हा सुस्पष्ट संदेश कापत कापत ‘ई ४’ वर येतो. त्याचा अर्थ ग्राहकाने माहितीपुस्तिकेत शोधायचा, आणि ती पुस्तिका माळ्यावर.

बिल्ड फसला, कारण कळेना, तर एक सर्वमान्य तोडगा आहे: ‘क्लीन करून पुन्हा बिल्ड मार.’ म्हणजे आधी बनलेलं सगळं पुसून पहिल्यापासून. घरात काही अशुभ झालं की गोमूत्र शिंपडावं, त्या श्रद्धेने हे केलं जातं, आणि गंमत म्हणजे याचा गुण येतो. त्यामागे कारणही आहे. ‘मेक’ फायलींच्या फक्त वेळा बघतं. मूळ फाइल नंतरची असेल तरच नव्याने काम करायचं, नाहीतर जुनंच चालवायचं. एखादी फाइल कुणावर अवलंबून आहे, हे त्याला सांगायचं राहिलं असेल, किंवा सर्व्हरचं आणि लॅपटॉपचं घड्याळ जुळत नसेल, तर ते शिळ्या भातावर ताजं वरण वाढतं आणि बिल्ड यशस्वी झाल्याचं कळवतं.

शिळ्या भाताचा एक प्रकार मात्र क्लीनलाही जुमानत नाही. इंजिनिअर तासभर कोड बदलतोय, बोर्डाच्या वागण्यात काडीचा फरक नाही. शेवटी कळतं, की तो एका फोल्डरमधली फाइल बदलतोय आणि बोर्डात दुसऱ्याच फोल्डरमधला परवाचा बिल्ड जातोय. दोन्ही फोल्डरांची नावं ‘फायनल’ आणि ‘फायनल नवीन’. म्हणून शहाणी मंडळी बोर्ड सुरू होताना बिल्डची तारीख-वेळ छापून घेतात. सी भाषेत त्यासाठी दोन तयार शब्द आहेत, कम्पायलर त्यांच्या जागी तारीख आणि वेळ घालतो. इथेही एक मेख आहे. ती तारीख, ज्या फायलीत तो शब्द लिहिलाय, ती फाइल शेवटची कधी कम्पाइल झाली याची असते. बाकीच्या नव्याण्णव फायली बदलल्या आणि नेमकी हीच बदलली नाही, तर ताजा बिल्डसुद्धा परवाचीच तारीख सांगतो. मग आदल्या दिवशी शहाणा ठरलेला माणूस आणखी एक तास शिळ्या बिल्डच्या शोधात काढतो.

एवढं होऊन दिवा लागला, की खरं काम सुरू होतं: डिबगिंग. दोष शोधण्याच्या कामाला डिबगिंग, म्हणजे किडे काढणं, का म्हणतात, याची पतंगाची गोष्ट सांगायची प्रथा आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू या संगणकाच्या रिलेत खरोखरचा पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. ती वही आज अमेरिकेत संग्रहालयात आहे. पण यंत्रातल्या दोषाला ‘बग’ म्हणणं त्याच्या कितीतरी आधीचं. १८७८ साली एडिसननेही एका पत्रात हा शब्द वापरलाय. पतंग फक्त शब्दाला जागून आला. कोकणात पावसाळ्यात बेलच्या बटणात मुंग्या शिरतात, त्यांची मात्र कुणी नोंदवही ठेवत नाही.

हल्लीचे किडे चिकटपट्टीने चिकटवता येत नाहीत, कारण बघायला गेलं की ते पळतात. त्यांना हायझेनबग म्हणतात, हायझेनबर्ग या शास्त्रज्ञाच्या नावावरून; संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांच्या १९८५ सालच्या एका निबंधातही हे नाव आहे. काय चाललंय हे बघायला कोडमध्ये छपाईची एक ओळ घालावी, तर त्या ओळीला लागणाऱ्या वेळाने सगळ्या वेळा इकडच्या तिकडे होतात आणि दोष नाहीसा. ओळ काढली की हजर. डेडलाइन उद्याची असते. मग ती ओळ तशीच ग्राहकाच्या घरी जाते, वर शेरा लिहून: ‘ही ओळ काढू नये. का, ते विचारू नये.’

यातला एक नमुना जवळून बघण्यासारखा आहे. बोर्डाला पडदा नसतो, तेव्हा छापायचं कुठे? यावर एक सोय आहे, सेमीहोस्टिंग नावाची. प्रोग्रामला काही छापायचं असलं, की तो ‘थांबा’ अशी खास आज्ञा देतो. चिप थांबते. केबलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला डिबगर, म्हणजे दोष शोधायची पेटी, ते बघतो, मजकूर उचलतो, लॅपटॉपवर छापतो आणि चिपला ‘चल पुढे’ म्हणतो. लॅबमध्ये दोन आठवडे सगळं झकास. मग बोर्ड चाकणच्या कुठल्याशा कारखान्यात जातो. तिथे डिबगर नाही. प्रोग्राम छापायला जातो, ‘थांबा’ म्हणतो, आणि ‘चल पुढे’ म्हणायला कुणीच नसतं. चिप ते संकट समजून हार्डफॉल्टमध्ये, म्हणजे थेट कोठडीत, जाऊन पडते. कोठडी म्हणजे तरी काय? बहुतेक प्रकल्पांत आयत्या मिळालेल्या स्टार्टअप फायलीत तिथे एकच गोष्ट लिहिलेली असते: जिथे आहेस तिथेच गोल फिरत राहा.

कारखान्यातून फोन येतो. इंजिनिअर धावत जातो, काय बिघडलंय ते बघायला डिबगर जोडतो, आणि बोर्ड सुतासारखा सरळ चालायला लागतो. डॉक्टरच्या पायरीवर पाऊल ठेवताच दाढ दुखायची थांबते, त्यातलाच प्रकार. कारखान्यातले सुपरवायझर म्हणतात, “मग ती पेटी राहू द्या की इथेच लावलेली.” हा उपाय चुकीचा आहे हे पटवायला जितका वेळ लागतो, तितक्या वेळात दोष सापडला असता.

दुसरा नमुना ऑप्टिमायझरचा. लॅबमध्ये चाचणीचा बिल्ड कम्पायलर जसा लिहिलाय तसा मुकाट्याने करतो. ग्राहकाला द्यायच्या बिल्डमध्ये त्याला अक्कल लढवायची मुभा दिलेली असते, आणि तो ती लढवतो. समजा, बटण दाबलं की एका झेंड्याची, म्हणजे खुणेसाठी ठेवलेल्या व्हेरिएबलची, किंमत बदलते, आणि प्रोग्राम तो झेंडा बदलायची वाट बघतोय. कम्पायलर विचार करतो, या फेऱ्यात तर झेंड्याला कुणी हात लावत नाही, मग दर वेळी कशाला बघा? एकदाच दार उघडून दूधवाला आला नाही हे पाहायचं, आणि मग दिवसभर ‘नाही आला, नाही आला’ म्हणत राहायचं. दूधवाला बाहेर घंटा बडवतोय. उपाय एका शब्दाचा: झेंड्यापुढे ‘व्होलटाइल’ लिहायचं, म्हणजे हा माझ्या नकळत बदलतो, दर वेळी दार उघडून बघ. हा शब्द प्रत्येकाने कॉलेजात पाठ केलेला असतो, मुलाखतीत घडाघडा म्हणून दाखवलेला असतो, आणि तोच विसरून तीन दिवस घालवलेले असतात.

या सगळ्यात इंजिनिअरला धीर येतो तो मंगळावरच्या गोष्टीने. ४ जुलै १९९७ रोजी नासाचं पाथफाइंडर मंगळावर उतरलं. चित्रं आली, जगभर टाळ्या पडल्या, आणि काही दिवसांत यान आपलं आपणच रीसेट व्हायला लागलं. बंद पडे, उठे, पुन्हा बंद. कारण समजायला मंगळावर जायची गरज नाही, एकत्र कुटुंबात राहिलेलं असलं की पुरे. कोठीघराची किल्ली एकच. धाकटी सून ती घेऊन आत गेलीय. सासूबाईंना तातडीने किल्ली हवीय, म्हणून त्या दारात उभ्या. एवढ्यात मधली येते आणि धाकटीला दुसऱ्याच कामाला जुंपते. मधली मोठी, धाकटीला नाही म्हणता येत नाही. परिणामी घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाई ताटकळतात, तेही मधलीमुळे, जिला किल्लीशी काही देणंघेणंच नाही. यानावर धाकटी म्हणजे हवामानाची माहिती गोळा करणारं काम, मधली म्हणजे संदेशवहनाचं, आणि सासूबाई म्हणजे माहितीची देवाणघेवाण सांभाळणारं काम. त्यांचं काम वेळेत झालं नाही, की राखणदार टायमर ‘घरात काहीतरी भलतं झालं’ असं समजून सगळं यान नव्याने सुरू करी.

तोडगा व्हीएक्सवर्क्स या त्यातल्या प्रणालीत आधीपासूनच होता: किल्ली जोवर धाकटीच्या हातात आहे आणि सासूबाई थांबल्या आहेत, तोवर धाकटीला सासूबाईंचा मान. मग मधली तिला हलवू शकत नाही. हा पर्याय फक्त बंद ठेवलेला होता. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या मंडळींनी जमिनीवरच्या तशाच जोडणीवर दोष पुन्हा घडवून आणला आणि पर्याय चालू करणारी दुरुस्ती दहा मिनिटांच्या अंतरावर रेडिओने धाडली. यातली मनाला भिडणारी गोष्ट वेगळीच. हा रीसेट उड्डाणाआधीच्या चाचण्यांतही दिसला होता, पण शोधायला गेल्यावर पुन्हा घडेना, म्हणून मागे पडला. हे ऐकलं की हिंजवडीतला माणूस नासाला एकदम घरचं समजायला लागतो.

व्हॉयेजरची हकिकत सांगितली की मात्र तो गप्प होतो. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर १ ने नोव्हेंबर २०२३ मध्ये निरर्थक आकडे पाठवायला सुरुवात केली. एका जुन्या संगणकाच्या मेमरीतली एक चिप गेली होती, आणि तिच्यातला कोड दुसरीकडे हलवायला सलग जागा कुठेच नव्हती. मग त्याचे तुकडे करून मिळेल त्या फटीत बसवले आणि एकमेकांचे पत्ते दुरुस्त केले. लिंकरचं काम माणसांनी केलं, तेही २४ अब्ज किलोमीटरवरून. १८ एप्रिल २०२४ ला आज्ञा गेली. जायला साडेबावीस तास, उत्तर यायला साडेबावीस तास. २० एप्रिलला यान शुद्धीवर आल्याचं कळलं. इकडे बोर्डात प्रोग्राम भरायला चाळीस सेकंद लागतात म्हणून कुरकुर चालते, आणि तेवढ्यात चहा होतो.

चहाचा उपयोग आहेच, चहा पिताना अडचण कुणाला तरी सांगता येते. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या १९९९ सालच्या एका गाजलेल्या पुस्तकात, रबरी बदकाला कोड ओळीओळीने समजावून सांगावा, सांगता सांगता चूक आपल्यालाच दिसते, असा उपाय आहे. पुण्यात बदकाची गरज पडत नाही. मॉनिटरखाली बोटभर गणपती असतो, तो सगळं ऐकून घेतो आणि मध्ये बोलत नाही. खंडेनवमीला तर ऑसिलोस्कोपला झेंडूचा हार आणि डिबगरला हळद-कुंकू होतं. हळद प्रोबच्या पिनांत जाऊ नये एवढी काळजी घेतली, की वर्षभराची बेगमी.

राहिली ती केबल. दोष तिच्यात आहे हे कळल्यावर तिचं काय करतात? फेकत नाहीत. ‘चांगली आहे, चार्जिंगला होईल’ म्हणून गुंडाळी करून परत त्याच ड्रॉवरमध्ये ठेवतात, जिथून पुढच्या महिन्यात रुजू होणारा मुलगा पहिल्या दिवशी केबल काढणार असतो. ज्यांच्या ड्रॉवरमध्ये अशी केबल असेल, त्यांनी आजच तिच्या टोकाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावावा. आणि ड्रॉवर उघडलाच आहे, तर तळाशी दुसरीही असेल, तीही बघावी.